नागूच्या वाट्याचा घास

पोशीरच्या इंदूबाईला सगळा गाव जाडी इंदू म्हणायचा, आणि म्हणणाऱ्यांच्या स्वतःच्या बरगड्या मोजून घ्याव्यात अशा होत्या. सन शेहेचाळीस. धान्याची टंचाई, आणि त्यातही ही बाई अंगाने भरत चाललेली. भाजीची पाटी घेऊन माथेरान चढते, तिथे बंगल्यांच्या मागच्या दाराशी पोट भरत असेल, असं लोक म्हणत. लोकांच्या जिभेला हाड नसतं.

खरं होतं ते असं की इंदूबाई दोघांचं जेवत होती.

तीन वर्षांपूर्वी तिचा नवरा नागू मुदतीच्या तापाने आजारी पडला. ताप उतरेपर्यंत पोटात अन्नाचा कण जाता कामा नये, असं नेरळच्या वैद्यांनी बजावलं होतं. एकवीस दिवस तो ओटीवर पडून घासभर भाकरी मागत राहिला, आणि इंदूबाई काळजावर दगड ठेवून नाही म्हणत राहिली. बाविसाव्या सकाळी तो गेला. दहाव्याला नदीकाठी पिंड ठेवला, पण कावळा शिवेना. भावकीतल्यांनी नाही नाही ती वचनं देऊन पाहिली. शेवटी इंदूबाईच पुढे झाली. त्यांच्या वाट्याचं रोज वाढीन, वाया जाऊ देणार नाही, मी जेवीन, असं ती मोठ्याने बोलली. आणि कावळा शिवला. आता असल्या वचनातून माणसाने सुटायचं कसं?

यंदा चढावर दोनदा तिची छाती दाटून आली, डोळ्यांपुढे अंधारी आली. त्याच वैद्यांनी नाडी पाहिली. एक वेळ जेवा, तेही अर्धं. अंग उतरलं नाही तर हा डोंगर तुम्हाला घेऊन जाईल, असं त्यांनी सांगितलं. पाटी बंद झाली तर घरची चूल बंद. घरात दुसरं होतं कोण? सासू अंबाबाई, वाळून कोळ झालेली.

पहिल्या दिवशी इंदूबाईने एकच भाकरी थापली. दुपारी भूक खवळली, आणि ओटीवरून स्पष्ट आवाज आला, ‘‘इंदे, घासभर दे गं.’’ ओटीवर कोणीच नव्हतं. दुसऱ्या दिवशी तो आवाज शेताच्या बांधावर आला, तिसऱ्या दिवशी चढावरच्या पहिल्या वळणाशी. भूक तिची होती की त्याची, हेच तिला कळेनासं झालं. चौथ्या दिवशी तिने तीन भाकऱ्या खाल्ल्या, रडत रडत, आणि मागीलदारी जाऊन ओकली. असं तीनदा झालं. तीन दिवस धरायचं, चौथ्याला सुटायचं.

चौथ्या खेपेला, भर दुपारी, तिने पुन्हा पीठ काढलं तेव्हा अंबाबाईने तिचं मनगट धरलं.

‘‘नको थापू,’’ म्हातारी म्हणाली. ‘‘तो भुका नाय गेला.’’

इंदूबाईला काही समजेना.

‘‘आदल्या रातीला तू दमून निजलीस. मी दिली त्याला भाकरी. आख्खी. दुधात कुस्करून. आईच्या हातचं खाऊन निजला, आन सकाळी...’’ तिने मनगट सोडलं.

इंदूबाईने परात बाजूला सारली. वैद्य तेव्हा म्हणाले होते, एक घास म्हणजे विष. ते तिला आठवलं. राग यायला हवा होता. आला तो भलत्याच गोष्टीचा.

‘‘आत्याबाय, तीन वर्सं मी दोघांचं खात होते. तुमी समोर बसून बघत होता.’’

‘‘व्हय.’’

‘‘एक सबूद का नाय बोलला?’’

अंबाबाई अगदी हळू म्हणाली, ‘‘तू त्याच्या नावानं खायचीस ना, तवा वाटायचं, अजून जेवतोय माजा पोरगा. जेवतोय म्हंजी माज्या भाकरीनं नाय मेला.’’

त्या दिवसापासून इंदूबाईला हाक आली नाही. अंग हळूहळू उतरलं, पाटी पुन्हा डोंगर चढू लागली. घरी मात्र संध्याकाळी ती सासूला समोर बसवून भरवायची, आणि म्हातारी दर घासाला ओटीकडे कान देऊन थांबायची.