शेंदराचा दगड

मोजणीवर गेलं की माझा एक हट्ट असतो. डोळ्याला दिसतं ते तिथंच उभं राहून, पेन्सिलीनं, फील्डबुकात उतरवायचं. ऑफिसात पंख्याखाली बसून आठवून लिहिणाऱ्यांचा मला भारी राग येतो. आठवून लिहायला ती काय सहल आहे?

मारेगावकडच्या एका शिवारात याच हट्टापायी माझी जुंपली. एका बाईनं कपाशीच्या वावरात विहीर खोदली, पाणी लागलं, अन् शेजारच्या काकाजींनी विहीर आपल्या हद्दीत येते म्हणत मोजणी मागवली. हद्दीचा दगड दोघांनाही मान्य होता. निंबाखाली शेंदूर लावून बसलेला, दोन्ही घरं त्याला नारळ फोडत. त्या दगडावरून धरलं तर विहीर सरळ काकाजींकडे जात होती. बाईचा चेहरा पार उतरला होता.

मी लिहिलं, 'दगड, शेंदूर लावलेला, सिमेंटच्या ओट्यावर.' काकाजींनी डोकावून वाचलं अन् भडकले.

"मॅडम, आमच्या देवाले दगड लिहून राह्यल्या का?"

मी म्हटलं, मी ओटा पाहून राह्यली. हद्दीचा दगड जमिनीत गाडलेला असतो. ओट्यावर बसला म्हणजे त्याला कोणीतरी तिथं आणलेलं असतं. मग मी तो दगड सोडला अन् बाकीच्या पक्क्या दगडांवरून मोजणी धरली. नकाशाप्रमाणे खूण आली ती काकाजींच्या तुरीत. तिथं उकरायला लावलं, तर खाली तुटक्या दगडाचं बूड निघालं.

काकाजींनी वाकून बुडावरची माती हातानं पुसली. मग हळूहळू सांगायला लागले. वडिलांच्या काळात वखर लागून दगड तुटला होता, अन् देव उन्हात कायले ठेवायचा म्हणून वडिलांनी त्याला सावलीत नेऊन बसवलं. सोबत हद्दही गेली, हे कोणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

विहीर बाईची निघाली. तिनं पदरानं डोळे पुसले, अन् मलाही लय बरं वाटलं, खोटं कायले बोलू?

बुडाच्या जागी नवा दगड गाडला. तेवढ्यात काकाजी शेंदूर घेऊन हजर. मी बजावलं, शेंदूर लावा, नारळ फोडा, पण याला सावलीत नेऊ नका. काकाजींनी वर उन्हाकडे पाहिलं. त्यांचा जीव काही मानत नव्हता.

तेव्हा बाईच बोलली.

"इथंच एक निंब लावा, काकाजी. पाणी माह्या विहिरीचं घेत जा."