पाच किलोमीटरचा गोल

स्नेहलताआत्या चौथी शिकलेल्या. वर्ध्याजवळच्या गावात लग्न झालं, दोन वर्षांत नवरा गेला आणि पुढचं सगळं आयुष्य भाचरांच्या घरची बाळंतपणं काढण्यात सरलं. २०२० च्या फेब्रुवारीत त्या भाचसून सुचित्राच्या तान्ह्या अद्वयसाठी आयर्लंडमधल्या ओंगारला आल्या आणि विमानं बंद पडल्यावर तिथेच अडकल्या.

आल्या आल्या कालव्याकाठच्या बाकावर त्यांना प्रमोदिनीबाई भेटल्या होत्या. शेजारच्या निहारिकाची आई, अमरावतीची. "रोज चारला बसत जाऊ वं," असं दोघींचं ठरलंही.

पण चारला सुचित्राची मीटिंग. बाळाला कोण घेणार? लॉकडाऊन लागला तेव्हा ती सहज म्हणून गेली, "आत्या, फाटकाबाहेर पाऊल टाकलं तर गार्डा पकडतात हं. इथले पोलीस. व्हिसाच रद्द करतात."

"नको बाप्पा! तुमच्या नोकरीवर यायचं."

वर्षभर आत्या फाटकाकडे फिरकल्या नाहीत. नियम बदलत गेले. सुचित्राने ते त्यांना सांगितले नाहीत. निहारिकाला फोनवर सांगायची, "आत्या ग्रँड आहेत गं, एकदम मजेत. बाहेरची हौसच नाही त्यांना."

पुढच्या फेब्रुवारीत शाळा बंद होत्या. सुचित्राच्या थोरलीला, सात वर्षांच्या मुक्ताला, घरी अभ्यास आला: नकाशावर आपल्या घराभोवती वर्तुळ काढा. आत्या मेथी निवडताना वाकल्या.

"हा गोल कायचा वं?"

"फाइव्ह केएम, आजी. इथपर्यंत अलाउड आहे. लुक, कनॅल आत आहे!"

आत्यांनी निळ्या रेघेवर बोट ठेवलं. "सुचित्रा, हा नियम आजच निघाला का?"

"हो... म्हणजे नुकताच."

मुक्ताने आईकडे पाहिलं आणि ती पुन्हा रंग भरू लागली.

शंकरपाळ्यांचा डबा घेऊन आत्या प्रमोदिनीबाईंना भेटायला गेल्या, अर्ध्या तासात तो तसाच भरलेला घेऊन परतल्या. प्रमोदिनीबाई जानेवारीतच अमरावतीला गेल्या होत्या. सुचित्राला ते ठाऊक होतं. ग्रुपवर तिनेही 'हॅपी जर्नी' टाकलं होतं.

"उशीर झाला वं," एवढंच म्हणून आत्यांनी डबा कपाटात ठेवला.

दुसऱ्या दिवशी चारला त्या बूट घालून दाराशी उभ्या राहिल्या. "सुचित्रा, जाऊ का?"

सुचित्राने लॅपटॉप मिटला. "विचारता काय, आत्या? गार्डा तेव्हाही पकडत नव्हते. मी खोटं बोलले."

"मले मालूम हाय," आत्या म्हणाल्या. हात कडीवर होता, पण कडी उघडत नव्हता. "तू 'जा' म्हण. मंग जातो."