हिरवं दिसलं आणि पेढे वाटले

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, मधे थांबवलेलं मला चालत नाही. उज्जैनच्या फ्रीगंजमधल्या आमच्या छोट्याशा सॉफ्टवेअर ऑफिसात मी स्वतःच्या हातानं पेढे वाटले. कशाबद्दल? तेच तर सांगतोय नं!

आमचे बाबा बँकेत. बदलीवर उज्जैनला आले ते परत गेलेच नाहीत, म्हणून मीपण इथलाच. आणि खरं सांगू? मजेत आहे. सकाळी पोहे-सेव, दहा मिनिटांत ऑफिस, पाच वाजता टावर चौकात कचोरी. आणखी काय पाहिजे माणसाला?

तर राम घाटाजवळ एका सेठजींचं यात्री-निवास आहे. त्यांच्या खोल्यांच्या बुकिंगचा प्रोग्राम आम्ही बनवत होतो. दोनदा "झालं" म्हणून सांगितलं आणि दोन्ही वेळा काहीतरी गडबड निघाली. सेठजी शेवटचं बोलून गेले, "श्रावण सर पे है. इस बार गड़बड़ निकली तो काम इंदौर वालों को." आमचे मालक फडके सर, त्यांचं जेवणच उडालं. आठ जणांचं ऑफिस आमचं, एवढं मोठं काम हातचं गेलं असतं तर हाल होते!

त्याच आठवड्यात मुक्ता नोकरीला लागली. देवासची, भारी हुशार. तिला जन्मापासून दिसत नाही. स्क्रीनवर जे असतं ते एक सॉफ्टवेअर तिच्या कानात वाचून दाखवतं आणि ती सगळं काम कीबोर्डवरून करते. सरांनी मला बोलावलं.

"आपल्या युनिट टेस्ट कशा चालवायच्या ते तिला शिकव. आणि माऊस नाही हं, फक्त कीबोर्ड."

युनिट टेस्ट म्हणजे काय, तर प्रोग्रामच्या एकेका तुकड्याला विचारलेला छोटासा प्रश्न. उत्तर बरोबर आलं की हिरवी खूण, चुकलं की लाल. आमच्या प्रोग्रामच्या अशा एकशे बारा होत्या. सगळ्या हिरव्या झाल्याशिवाय माल बाहेर जात नाही.

आता गंमत बघा. वीस वर्षं झाली मला या लाइनीत, पण माऊस काढून घेतला तर मला स्वतःची फाइल सापडत नाही! पण तसं कबूल करू? मी? सिनियर माणूस? शनिवार-रविवार घरी बसून मी कीबोर्डचा सराव केला. माऊस बायकोच्या हातात दिला, म्हटलं लपवून ठेव. तिनं तो साबुदाण्याच्या डब्यात टाकला.

"अहो, निदान चहा प्यायला तरी हात उचला त्या कीबोर्डवरून!" ती म्हणाली.

"तुला नाही कळायचं," मी म्हणालो. फार शहाणा मी!

सोमवार उजाडला. चार वाजता सेठजी यायचे होते. सकाळी अकराला मी मुक्ताशेजारी खुर्ची ओढून बसलो, तिचं ते वाचणारं सॉफ्टवेअर माझ्या लॅपटॉपवर चालू केलं, तिचा हेडफोन लावला आणि भाषण सुरू केलं. भाषणाच्या भरात काय सुचलं कोणास ठाऊक, मीपण डोळे मिटून घेतले.

"हे बघ मुक्ता, म्हणजे ऐक. मीपण आता डोळे मिटलेत."

"कशाला सर? उघडे ठेवा नं. मला काही फरक नाही पडत."

"नाही नाही, शिकवायचं तर मनापासून!" आणि मी धडाधड कळा दाबल्या. डोळे उघडले तर समोर हिरवीगार खूण! माझा तर आनंद पोटात मावेना.

"झालं! सगळ्या पास!"

"सर, निकाल एकदा नीट वाचूया का? कीबोर्डवरून खाली जाऊन एकेक ओळ..."

"वाचायचं काय त्यात? हिरवं आहे!"

"पण सर, फारच लवकर झालं. एकशे बारा टेस्ट एवढ्यात कशा होतील?"

मला वाटलं पोरगी माझ्या स्पीडची तारीफ करतेय. मी मान डोलावली आणि म्हणालो, "होईल, तुलापण जमेल. प्रॅक्टिस लागते." ती परत काहीतरी बोलणार होती, पण मी तिचं ऐकायला जागेवर होतोच कुठे? मी सरांच्या केबिनमध्ये पोचलो होतो.

सरांनी त्या दिवशी पोटभर जेवण केलं. मी खाली जाऊन पेढे आणले. सगळ्यांना वाटले. मुक्तालापण दिला, पहिली टेस्ट म्हणून. तिनं घेतला बिचारीनं, खाल्ला नाही, टेबलावर ठेवून दिला. मी म्हटलं, लाजत असेल.

चार वाजता सेठजी आले. मी पेढा पुढे केला.

"सेठजी, एक सौ बारह टेस्ट, सब पास!"

"अरे वाह! तो मैं ही चला के देखूँ?" सेठजी बसले. पाच नंबरची खोली बहिणीच्या नावानं बुक केली. झाली. मग काय डोक्यात आलं, तीच खोली त्याच दिवशी मेहुण्याच्या नावानं केली. तीपण झाली! साडूच्या नावानं केली. प्रोग्राम एकदम उदार, तिघांनापण हो म्हणाला!

सेठजींनी अर्धा खाल्लेला पेढा परत डब्यात ठेवला. "साब, तीन परिवार एक कमरे में? श्रावण में लोग मुझे घाट पे दौड़ाएँगे!" आणि उठलेच. फडके सर माझ्याकडे बघत होते. माझी अवस्था काय सांगू!

"पण सर, टेस्ट तर..."

"सर," मुक्ता हळूच म्हणाली, "सकाळी एकच टेस्ट चालली होती. माझ्या कानात तसंच आलं, एकपैकी एक पास. तेच सांगायचं होतं."

"एकच? कोणती?"

तिनं माझा लॅपटॉप ओढला, दोन-तीन कळा दाबल्या, ऐकलं. ओठ दाबून हसू आवरत म्हणाली, "दोन अधिक दोन चार."

अहो, ती माझ्या सरावाची टेस्ट! आपल्या खऱ्या टेस्ट बिघडायला नकोत म्हणून घरी मी त्यांच्याच यादीत एक वेगळी भाबडी टेस्ट लिहिली होती, दोन आणि दोन चार होतात का, एवढंच विचारणारी. सगळ्या टेस्ट चालवायची कळ वेगळी, आणि मागे चालवलेली पुन्हा चालवायची वेगळी. दोन दिवस मी ती दुसरीच घोटली होती, बोटं आपोआप तिकडेच गेली. म्हणजे आख्ख्या ऑफिसात मी पेढे वाटले ते दोन आणि दोन चार झाल्याबद्दल!

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सेठजी दारापर्यंत गेले होते. मुक्तानंच हाक मारली, "सेठजी, छह बजे तक रुकेंगे?" ते थांबले. पोरीची भीड पडली म्हणून की पेढ्याची चव जिभेवर होती म्हणून, देव जाणे.

मग तिनं सगळ्या टेस्ट चालवल्या. नऊ लाल. बाणाच्या कळेनं एकेकीवर जायची, कानात ऐकायची आणि सांगायची, "ही तारखेची, ही खोलीची, इथे बुकिंग आधीच आहे का ते विचारलंच नाही." मी मुकाट्यानं दुरुस्त करत गेलो. इतकं शहाण्यासारखं काम मी वर्षभरात केलं नव्हतं.

पावणेसहाला तिनं शेवटचं चालवलं. या वेळी मी तोंड बंद ठेवलं. सेठजींनी मला ओलांडून थेट तिला विचारलं, "मैडम, अब पक्का?"

तिनं शेवटच्या ओळीपर्यंत ऐकलं. "पक्का. एक सौ तेरह में से एक सौ तेरह पास."

सेठजींच्या कपाळावर परत आठी. "पर ये साब तो एक सौ बारह बोले थे. ये एक कहाँ से आई?"

"वो एक सर की है," मुक्ता म्हणाली. "वही तो सुबह से पास थी."