मागचं माणूस

जुनी सीट उसवली की आतून काय काय निघतं! वाळू, शेंगांची टरफलं, केसांची पिन, एकदा तर तान्ह्या बाळाचा चांदीचा वाळा. कुणी मुद्दाम ठेवत नाही. बसता-उठता शिवणीतून आत जातं आणि साचून राहतं. माझ्याकडचे किस्सेही असेच साचलेत.

केडगावात पुणे रोडला लागून माझं मोटारसायकलच्या सीटांचं दुकान आहे. सगळे मला खाला, म्हणजे मावशी, म्हणतात. आमचे घरधनी होते तोवर त्यांनी मला कात्रीला हात लावू दिला नाही. ते गेल्यावर मी एकेक सीट उसवली आणि जशी उसवली तशी परत शिवली. तशीच शिकले. कुणाच्या हाताखाली राहिले नाही आणि कुणाला हात जोडायलाही गेले नाही. आता दर रविवारी लांब पल्ल्याचे गाडीवाले माझ्या दारात जमतात आणि नवी क्रूझर मोटारसायकल घ्यायची म्हटली की शोरूमच्या आधी मला विचारतात. मी एकच विचारते, "पुढं कोन बसनार ते दिसतंय. मागं कोन बसनार? ते मानूस आना आधी!"

*

आमचा दत्ता पोल्ट्रीवाला. त्यानं मोबाईलवर फोटो दाखवला. लांबलचक, बुटकी, चकाकणारी क्रूझर. "खाला, पाय पुढं टाकून बसायचं, राजासारखं!"

"आन् राणी?"

"बसंल की मागं."

"आन तिला."

आणली नाही. गाडी मात्र आणली. मागची सीट म्हणजे तळहाताएवढी, तीसुद्धा उतरती! पहिल्याच फेरीला दोघं भंडारदऱ्याला निघाले. बायको वाटेतच अकोले स्टँडवर उतरली ती सरळ एसटीत बसून माघारी आली.

दुसऱ्या दिवशी ती एकटीच माझ्या दुकानात. म्हणाली, "खाला, गाडी भारी हाय. पन ती बसायची न्हाई, फोटो काढायची हाय!"

*

बेलापूरचा एक जण आला. अबोल माणूस. म्हणाला, "मागची सीट काढून टाका. तिथं ब्यागा बांधायच्यात."

"मागं कुनी बसनार न्हाई?"

"न्हाई."

मी काढली. वर्षभर तो एकटाच हिंडला. मग एका सकाळी दारात उभा. मान खाली. "ती सीट... टाकून दिली आसंल ना?"

मी वर बोट दाखवलं. खुंटीला टांगलेली होती. काढलेली मागची सीट मी कधीच फेकत नाही.

तो बघतच राहिला. "ठिवली व्हय?"

"सीट भंगारात गेली तर परत येत न्हाई," मी म्हटलं. "मानसाचं सांगता येत न्हाई!"

*

दशरथराव म्हणजे एसटीचे रिटायर ड्रायव्हर. उभा जन्म लोकांना गावोगाव पोचवलं. त्यांची बायको सुमनबाई म्हणायची, "ह्यांनी आख्खा जिल्हा फिरवला. मला स्टँडपर्यंत!"

सुमनबाईची शुगर डोळ्यांत उतरली. इंजेक्शनं झाली, लेझर झालं. डॉक्टर म्हणाले, दिसतंय तोवर काय बघायचं ते बघून घ्या. त्यावर तिनं एकच सांगितलं, "समुद्र बघितला न्हाई मी."

दशरथरावांनी घरी जाहीर केलं, "मी क्रूझर घेतो."

आता आपल्याकडं क्रूझर म्हणजे जीप! सुमनबाईनं कपाळावर हात मारला. "आता म्हातारपनी शिटा भरत हिंडनार का?"

"आगं, मोटारसायकल! एकच शीट भरायची हाय. तू!"

*

पण गाडी काही ठरेना. दर रविवारी दशरथराव माझ्या दारात, ज्याच्या त्याच्या गाडीवर बसून बघायचे. ही बुटकी, खड्डा कमरेत येतो. ही उंच, तिला पाय टाकता येनार न्हाई. ही जड, घाटात वळंना. ही चांगली, पन मागं टेकायला काय न्हाई!

दत्ता वैतागला. "काका, डेपोतनं एसटी काढतानाबी एवढं बघायचा का?"

"डेपोत गाडी मिळती, बाबा. निवडायची नसती!"

सगळे हसले. मी नाही हसले. त्या माणसानं जन्मात स्वतःसाठी गाडी निवडली नव्हती. पण मी तोंडावर बोलणारी बाई. मी म्हटलं, "दशरथराव, तुमी थांबाल. तिचे डोळे थांबनार हायेत का?"

हँडल न सोडता ते म्हणाले, "चुकली तर दुसरी घ्यायला येळ न्हाई, खाला. म्हनून तर."

*

पावसाळा सरला. एका रविवारी दशरथराव आले ते कुठल्याच गाडीकडं न बघता बाकड्यावर बसले. "राहू द्या आता. तिला नुसतं ऊन-सावली कळतंय. काय दाखवू?"

चहा तसाच निवला.

मी म्हटलं, "मागचं मानूस आना."

"खाला, तिला आता..."

"आना म्हनते ना!"

पुढच्या रविवारी ते तिला हाताला धरून घेऊन आले. मी तिला एकेका गाडीवर मागं बसवलं, दशरथराव पुढं. दत्तानं आपली गाडी मोठ्या हौसेनं चालू केली. धाड धाड धाड! पत्रे हादरले.

सुमनबाईनं हात वर केला. "बंद करा, भाऊ. ह्यांचं बोलनं ऐकू येत न्हाई."

दत्तानं मुकाट्यानं किल्ली फिरवली.

दुसरी गाडी झाली. तीही नको. तिसरी साधी, रुंद, गुपचूप चालणारी. पोरं तिला शिलाई मशीन म्हणून चिडवत. दशरथरावांनी ती चालू केली आणि मान न वळवता हळूच म्हणाले, "डाव्या हाताला लिंब हाय. खाली एक शेरडू बसलंय."

"काळं का पांढरं?" सुमनबाईनं विचारलं.

"काळं."

"हीच घ्या."

दत्ता चाचरत म्हणाला, "काकू, ती शिलाई मशीन..."

"शिलाई मशीनवरच माजं घर उभं हाय, रे!" मी म्हटलं आणि टेप काढला.

*

दशरथरावांनी तशीच नवी गाडी घेतली. तिच्या सीटला मी जीव लावला तसा कशालाच लावला नाही. मागं टेकायला पाट, दोन्ही बाजूंना धरायला उशा, चढताना हाताला कळावी म्हणून कडेला जाड शिवण.

निघायच्या दिवशी सकाळी सगळे दारात. वाऱ्यात मागून मारलेली हाक पुढं पोचत नाही, म्हणून दशरथरावांनी बायकोला एसटीचा कायदा शिकवला होता. पाठीवर एक थाप म्हणजे एक बेल, थांबायचं. दोन थापा म्हणजे डबल बेल, चला.

दत्ता म्हणाला, "काकू, तिकीट काढलं का?"

"पास हाय माजा!"

तिनं नवऱ्याच्या पाठीवर दोनदा मारलं. ठक ठक. गाडी निघाली. पुणे रोडच्या वळणापर्यंत दशरथरावांची मान बोलता बोलता हलताना आम्हाला दिसत होती.

कोकणातून ते परत आले. रविवारी सगळे जमले. कधी नव्हे ते दशरथराव गप्प. दत्तानंच विचारलं, "काका, समुद्र सांगितला का काकूला?"

"वाळूपातुर गाडी नेली," दशरथराव म्हणाले. "बंद केली. निसत्या लाटा वाजत हुत्या. ती बसूनच हुती. म्हनलं, सुमन, हे बघ, समोर पानी हाय. लई लांबपातुर..."

"मग?"

"पाठीवर थाप मारली तिनं."

"आन्?"

"एकच."

मग मीच विचारलं, "मग काय केलंत?"

"काय करनार? ड्रायव्हर हाय मी, खाला. डबल बेल पडंस्तोर थांबलो."