डावीकडचा स्पीकर

गेल्या महिन्यात एका सोमवारी सकाळी देवापुढे दिवा लावला आणि आमच्या बेडसे गावातून तुंगार्लीला निघालो. एका बंगल्यात होम थिएटरचे स्पीकर बसवून झाले होते, आवाज जुळवायचा राहिला होता... वीस वर्षं हे काम मी कानानंच करत आलोय.

बंगल्यातल्या मावशी सत्तरीच्या. शेजारच्या खोलीत त्यांचे यजमान आजारी, त्यामुळे सिनेमा बघायचा तो अगदी हळू आवाजात. आवाज कमी केला की मागचे दोन स्पीकर आधी गायब होतात, म्हणून ते थोडे वाढवावे लागतात. सोफ्यावर मधोमध बसून, चाचणीची खरखर लावून मी डावा-उजवा सारखा केला आणि मावशींना बसवलं.

“अहो भाऊ, हा डावीकडचा केवढ्यानं ओरडतोय!”

मी म्हणालो, सारखाच आहे मावशी, वयामुळे तसं वाटतं... लिहितानाही लाज वाटते.

त्या हसल्या. “माझे कान म्हातारे, मान्य. तुम्ही जरा उलटं तोंड करून बसा बघू.”

बसलो. आता तोच स्पीकर माझ्या उजव्या कानाकडे आला आणि खरंच ओरडायला लागला. दुसरा जवळजवळ बंद... बिघाड माझ्या डाव्या कानात होता. मोठ्या आवाजात तो इतके दिवस झाकून गेला होता.

घरी बायकोला सांगितलं. भाकरी थापता थापता ती म्हणाली, “दोन वर्सं मी तुमच्या उजवीकडनंच बोलतीय. कळलं न्हाई व्हय?”

देवापुढे बराच वेळ बसलो. काही मागावंसं वाटलं नाही.

डॉक्टरांनी कान तपासले. गेलेलं परत येणार नाही म्हणाले. पोट याच कामावर, तेव्हा कुणाला सांगूच नये असं वाटत राहिलं... पण दोन वर्षांत मी जुळवलेल्या घरांत माणसं रोज तोच वाकडा आवाज ऐकत बसली असणार. ते काही मनातून जाईना.

शेवटी आवाज मोजायचा मीटर घेतला आणि त्या सगळ्यांना फोन केले, घरी येऊन पुन्हा जुळवून देतो म्हणून. कारणही खरं सांगितलं. एक साहेब म्हणाले, पुढचं काम आता दुसऱ्याला देतो. त्यांचं चुकलं असं मला म्हणता येत नाही.

काल शेवटच्या घरी मीटरवर दोन्ही आकडे सारखे आले. मला मात्र उजवाच मोठा ऐकू येत होता... तसाच ठेवला आणि निघालो.