मामूंची तीन बोटं

माईक तपासायला तोंडाजवळ नेला, तर जाळीतून गुटख्याचा गोडसर वास आला. आणि आज कार्यक्रम व्यसनमुक्तीचा.

असाच वास परंड्याच्या आमच्या शाळेत आला होता. मी तेव्हा आठवीत होते. प्रमुख पाहुण्यांनी खिडकीतून पिचकारी मारली, माईक घेतला आणि आम्हाला शपथेसाठी उभं केलं. दाराशी शिपाई रशीदमामू पाण्याचा तांब्या घेऊन उभे होते. गुटख्यानं त्यांचा जबडा आखडला होता. मधल्या सुट्टीत ते सांगायचे, "तीन बोटं उभी तोंडात घालून बघा रे. माझं एकच जातंय. भाकर लई कुस्करून गिळावी लागती." आम्ही रोज बघायचो.

आदल्या दिवशी आम्ही हेडसरांना म्हणालो होतो, मामूंना बोलू द्या. सर म्हणाले, "शिपाई काय भाषण करणार? त्यांचं बोलणं तरी कळतं का कुणाला?"

आम्हाला कळत होतं. शपथेला हात पुढं करायचा सोडून सगळ्या वर्गानं मामूंकडं बघत तीन बोटं तोंडात घातली. पाहुण्यांचा अपमान केला म्हणून आम्हाला तासभर उन्हात उभं केलं.

तेव्हा मला लाज वाटली होती. आता संताप होतो. तोबरा भरलेल्या माणसाच्या हाती माईक दिला आणि मामूंच्या हाती तांब्या.

मामू जाऊन बरीच वर्षं झाली. मी आता शिक्षिका आहे. आजचे पाहुणेही कुणी साहेबच आहेत, आणि त्यांचं नाव मीच सुचवलंय.