कापसाचा राक्षस

जुन्नरच्या बदरुद्दीनभाई पिंजाऱ्यांनी चाळीस वर्षं गाद्या भरल्या. राक्षस भरायची वेळ एकदाच आली. पुण्याहून मोहिनी नावाची मुलगी चार मित्रांना घेऊन दुकानात आली. आहुप्याच्या डोंगरात राक्षसाचा सिनेमा काढायचा होता, बजेट तुटपुंजं. काळ्या केसाळ कापडाचा अंगभर पोशाख हवा होता, आत कापूस ठासलेला. भाईंनी तो आठ दिवसांत भरला. टाके त्यांच्या बायकोने, रहिमाबीने घातले.

पोशाख कुठे उसवला तर असावेत म्हणून शूटिंगला भाईंनाही नेलं. राक्षस झाला होता अवसरीचा सुनील. तिसऱ्या दिवशी भर उन्हात, सहाव्यांदा पळताना तो कोसळला. काम छान चाललंय असं वाटून मोहिनीने कॅमेरा चालूच ठेवला. भाईंना मात्र छातीवरचा कापूस हलताना दिसेना. ते धावले, कात्रीने पोट उभं फाडलं आणि मूठमूठ कापूस उपसला. पोरगा घामाने निथळत होता, डोळे पांढरे झालेले. तोंडावर पाणी मारल्यावर शुद्धीवर आला.

मोहिनी रडवेली झाली. "चाचा, मला कळलंच नाही."

"कसं कळंल? तुमी राक्षस बघत व्हता."

पोशाख पुन्हा शिवताना त्यांनी कापूस निम्माच घातला. म्हणून सिनेमातला राक्षस मध्येच वाळतो आणि मरताना परत गुबगुबीत होतो. नारायणगावात खेळ लावला तेव्हा लोक यावर खूप हसले, पण उठून कुणी गेलं नाही. तसा बेताचाच सिनेमा, तरी बघवत होता.

मरतानाचा शॉट तोच होता, सुनील खरोखर पडला तो. सुनीलनेच ठेवायला सांगितलं होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. रहिमाबीने भाईंचा दंड घट्ट धरला.

"मीच शिवलंय त्ये," ती पुटपुटली, "तरी भ्या वाटलं."

शेजारून सुनील वाकला. "चाचा, कसा पडलो?"

पडद्यावर नावं सरकत होती, लोक चपला शोधत होते.

"चांगला पडलास," भाई म्हणाले. "पन फुडच्या बारीला आतनं उघडंल अशी चेन लावून देतो. त्याबिगर कापूस भरायचा न्हाई मी."